सांत्वनाची पाळी

मोटर जळते तेव्हा धूर नंतर येतो. आधी वास येतो.

डेंगीचा डास दिवसा चावतो.

देवळाला घंटा नाही. आवारातल्या चिंचेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलाय. त्यावर लोखंडी बोल्ट मारला की मंडळी जमते.

एक माणूस चपला न काढता एका दारात उभा राहिला, एक वाक्य बोलला आणि गेला.

कारखाना सुरू झाला की सोनईच्या रस्त्यावर पाचट पडते, आणि चपलेखाली ती शिळ्या पापडासारखी मोडते.

म्हैस मेली, तर ते दुःख धरायचं का?

*

मालनबाईनं नाही धरलं. आबासाहेबांची दुभती म्हैस मेल्याचं कळलं तेव्हा ती चुलीपुढून उठली, हातपाय धुतले, ठेवणीतलं पातळ नेसली, केसांना तेल लावलं. दारापर्यंत गेली. आणि परत येऊन चुलीपुढं बसली.

"का गं, निघाली हुतीस ना?" बन्सीनं विचारलं. बन्सी म्हणजे तिचा नवरा. देवळाचा रूळ वाजवायचं काम त्याच्याकडं.

"म्हैस हाय नुसती. म्हशीवर खर्चायचं न्हाई."

"काय खर्चायचं न्हाई?"

"वाक्य."

त्या वाक्याबद्दल बन्सीच्या घरात इतक्या वेळा बोलणं झालं होतं की घरातल्या एखाद्या माणसासारखं ते झालं होतं. जेवत तेवढं नव्हतं.

वाक्य असं होतं: देवाची योजना असते मालनबाई. आपल्याला कळत नाही. नंतर कळतं.

*

मागं जाऊ. सहा वर्षं मागं, गळिताच्या दिवसांत, सूर्य बुडता बुडता.

मालनबाईचा एकुलता एक मुलगा रविराज सोनईहून मोटारसायकलवर घरी येत होता. सोनईत एका दुकानात तो जळालेल्या पाणबुडी मोटरी नवी तार गुंडाळून भरायचा. तांब्याची तार हातात घेतली की किती वेढे बसतील ते तो गाणं म्हणत म्हणत सांगायचा. वय चोवीस. रस्त्यावर उसानं भरलेली एक ट्रॉली उभी होती. टायर बसला होता म्हणून ट्रॅक्टर सोडवून जॅक आणायला नेला होता. ट्रॉलीमागं दगड नव्हता, बाभळीची फांदी नव्हती, लाल फडकं नव्हतं. ऊस मागच्या बाजूनं हातभर बाहेर आलेला. संध्याकाळ आणि ऊस एकाच रंगाचे.

ट्रॉली आबासाहेबांची होती.

आबासाहेब म्हणजे मंडळीचे, गावातल्या ख्रिस्ती समाजाचे, पंच. देवळावरचा पत्रा त्यांनी घालून दिलेला, उपासनेत गाण्याचा पहिला सूर त्यांचा, लग्नात पहिली पंगत त्यांची. ट्रॅक्टर सोडवताना ते स्वतः तिथं उभे होते. अंधार पडायला आलाय, हे त्यांनाही दिसत असणार. मग ते जीपमध्ये बसून चहाला गेले.

पोलीस आले, पंचनामा झाला, कागद कुठंतरी जाऊन बसले.

मातीच्या दुसऱ्या दिवशी आबासाहेब मालनबाईच्या दारात आले. चपला काढल्या नाहीत. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात मोबाईल. आत येऊन बसले नाहीत. गोड, जड, पंचाच्या आवाजात वाक्य बोलले. तेवढ्यात मोबाईल वाजला.

"हां. आलोच. काटा झाला का?" असं विचारत ते अंगणात उतरले.

काटा म्हणजे कारखान्यावरचा उसाचा काटा. त्याच ट्रॉलीतला ऊस.

*

या मंडळीत एक रीत आहे. ती शास्त्रात कुठं लिहिलेली नाही, नगरच्या मोठ्या देवळात कुणाला ती ठाऊकही नसेल. इथं, सोनई आणि नेवाशाच्या मधल्या या गावात, ती आजोबा-पणजोबांपासून चालत आली. कुणाचं लेकरू गेलं, तर सांत्वनाला पाळकानं पहिलं बोलायचं नाही. पंचानंही नाही. ज्या घरातलं लेकरू त्याच्याआधी गेलेलं असेल, त्या घरानं पहिलं बोलायचं. तोवर बाकीच्यांनी येऊन बसावं, रडावं, पाणी भरावं, पण तोंड उघडू नये.

रविराजच्या वेळी पाळी छबूबाईची होती. तिचा मुलगा फार मागं, तिच्या तरुणपणी, तापात गेला होता. छबूबाई काठी टेकत आली. मालनबाईच्या शेजारी बसकण मारली. बराच वेळ धापा टाकल्या. मग म्हणाली, "खाल्लं का गं काही?"

बस. तेवढंच तिचं सांत्वन.

पण छबूबाईच्या आधी आबासाहेब बोलून गेले होते. पाळी मोडून.

ट्रॉलीचं मालनबाईनं एखाद्या वेळी सोसलं असतं. वाक्याचं सोसलं नाही.

दोन पावसाळ्यांनी छबूबाई गेली. तिची माती करून आल्यावर मालनबाई गोवऱ्या थापत बसली होती, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की मंडळीत आता लेकरू गेलेलं घर एकच उरलं. तिचं. म्हणजे पुढची पाळी तिची. आबासाहेबांच्या घरात जर कधी... तिनं शेणाचा गोळा भिंतीवर असा मारला की बन्सी आतून बाहेर आला.

तिला जे वाटलं त्याला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. ती रविवारच्या शाळेत पोरांना शिकवायची. सूड हे माणसाचं काम नाही, देवाचं आहे, हे तिनंच दर वर्षी नव्या पोरांकडून घोकून घेतलं होतं.

"मग त्यानं करावा ना," ती म्हणाली. "मी कुठं नको म्हनते?"

*

तालीम.

आवाज: आबासाहेबांसारखा. शेवटचा शब्द जरा लांबवायचा. कळतंऽ.

चपला: पायातच.

हात: चौकटीवर. डावा.

बसायचं: नाही.

मोबाईल. इथं अडचण होती.

"मी त्यांच्या दारात उभी ऱ्हायले की तुमी मला फोन लावायचा," तिनं बन्सीला सांगितलं.

"मी कुठं आसंन तवा?"

"कुठं बी. चिंचेखाली."

"आन बोलायचं काय?"

"काय न्हाई. वाजला पायजे फकस्त. मी म्हननार, हां, आलेच."

बन्सीनं तंबाखू मळता मळता विचार केला. "पन त्यांच्या घरी झालंय काय?"

"आजून काय न्हाई."

"मग?"

"हुईल की."

"तू आशी बोलतीस जसं काय पाव्हनं यायचेत."

आबासाहेब सोसायटीच्या निवडणुकीत पडले. मालनबाईनं पातळ बदललंसुद्धा नाही. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नगरला झालं, ते काठीवर घरी आले. ती गेली नाही. बोअरचं पाणी आटलं. जीप ओढ्यात गेली, पण ते त्यात नव्हते. एवढ्याएवढ्यावर वाक्य खर्चलं तर खऱ्या वेळी हातात काय राहणार?

आणि रोज पहाटे, भाकरी थापताना, ती देवाशी बोलायची. गुडघे टेकून, डोळे मिटून वगैरे नाही. तव्याकडं बघत.

"आबासाहेबाचं काय केलंस? काय न्हाई केलंस. मंग बस आता आयकत."

"परवा पाळकसायेब म्हनले तुझी योजना सुंदर आस्ती. मला दावली आसतीस तर मी पन सुंदर म्हनले आसते."

"पीठ संपत आलंय. ते ऱ्हाऊ दे. आदी त्या मानसाचं बघ."

भाकरी उलटायची, पुन्हा सुरू. असं सहा वर्षं. एकही सकाळ चुकली नाही. ताप असताना तिनं अंथरुणातून शिव्या दिल्या.

देवळात ती मागच्या रांगेत बसायची. वर्षाच्या शेवटी उपकारस्तुतीच्या सभेत बायका उठून साक्ष द्यायच्या: नोकरी गेली, पण देवानं अशी योजना केली होती की दुसरी चांगली मिळाली, गाडी चुकली, पण तीच गाडी पुढं उलटली. मालनबाई ऐकायची. जी गाडी उलटली तिच्यातल्यांची साक्ष कोण देणार, असं ती शेजारणीला हळूच विचारायची. शेजारीण जागा बदलायची.

*

ऑक्टोबर. पाऊस लांबलेला, सगळीकडं डबकी.

आबासाहेबांचा मोठा मुलगा संदीप तापानं पडला. गावात दोन सलाइनी लावल्या. मग नेवासा. मग पेशी खाली आल्या म्हणून नगर. मालनबाईला बातमी रोज मिळत होती, कारण नळावर दुसरा विषय नव्हता. संदीप अडतीसचा. त्याची मुलगी निकिता यंदा दहावीला.

पाचव्या दिवशी सकाळी रूळ वाजला. उपासनेचा रूळ भराभर वाजतो. हा सावकाश वाजत होता. एक ठोका, मग श्वास, मग ठोका.

बन्सी बोल्ट हातात तसाच घेऊन घरी आला. चिंचेखाली ठेवायचं विसरला होता.

"संदीप गेला," तो म्हणाला.

मालनबाईच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. तिच्या मनात आलं: आता.

छातीतली एक गाठ सैल झाल्यासारखं झालं. हातातलं भांडं तिनं शांतपणे पालथं घातलं. त्यानंतर, थोड्या वेळानं, दुसरं आलं, आणि ते तिनं तव्याकडं बघून मोठ्यानं म्हटलं.

"मी एवढं न्हवतं मागितलं."

तवा थंड होता. पण मग किती मागितलं होतंस, हा प्रश्न घरात फिरायला लागला, आणि तो तिचा तिनंच विचारला होता हे तिला माहीत होतं. म्हशीपेक्षा जास्त. गुडघ्यापेक्षा जास्त. मग कुठपर्यंत?

"मी सांगतो तू आजारी हायेस," बन्सी म्हणाला.

"पाळी माझी हाय."

"तू ते बोलनार न्हाईस तिथं."

"का न्हाई?"

"रंगुबाई आसंल तिथं." रंगुबाई म्हणजे आबासाहेबांची बायको, संदीपची आई.

"त्या दिवशी मी पन हुते की इथं."

बन्सी बोल्टाशी चाळा करत राहिला.

"फोन लावा," ती म्हणाली. "मी बोलले की."

"लावनार न्हाई."

"नका लावू. मी बिनफोनाची बोलंन."

*

मातीच्या दुसऱ्या दिवशी सांत्वनाची प्रार्थना होती. आबासाहेबांच्या ओसरीत ताडपत्री अंथरलेली. बायका एकीकडं, पुरुष एकीकडं. पाळक प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर शास्त्र. नगरहून तीनच महिन्यांपूर्वी बदलून आलेला तरुण माणूस. त्याला रीत कुणीतरी सकाळीच सांगितली होती, आणि तोंड मिटून बसणं त्याला जड जात होतं.

सगळे तिची वाट पाहत होते. एक शेळी शेंगांची टरफलं चावत होती तेवढाच आवाज.

मालनबाई आली. चपला काढल्या नाहीत. डावा हात चौकटीवर ठेवला.

आबासाहेब भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, डोक्यावर टोपी नाही. टोपीशिवाय त्यांना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. डोकं लहान होतं.

वाक्य आपोआप आलं. इतकी वर्षं घासलेलं. कुठंही अडखळलं नाही.

"देवाची योजना आस्ती, आबासाहेब. आपल्याला कळत न्हाई. नंतर कळतंऽ."

मग ती थांबली. आता त्यांचा चेहरा बघायचा होता. ह्याच्यासाठीच सगळं होतं.

आबासाहेबांनी डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाले, "आमेन."

"आमेन," पुरुष म्हणाले.

"आमेन," बायका म्हणाल्या. त्यातली एक हुंदका देऊन पुटपुटली, "किती मोठं मन गं बाईचं."

पाळकानं मान डोलावली. चेहऱ्यावर सुटल्याचा भाव.

मालनबाई तशीच उभी. असं होईल हे तिनं सहा वर्षांत एकदाही धरलं नव्हतं. पाण्याचा तांब्या फिरवावा तसं तिचं वाक्य लोकांनी हातोहात फिरवलं, घोट घोट घेतलं आणि खाली ठेवलं. या मंडळीत ते वाक्य कुणाला लागणारच नव्हतं. सगळ्यांना त्याची सवय होती. आबासाहेबांना तर सगळ्यांत जास्त. ज्या दिवशी ते तिच्या दारात बोलले, त्या दिवशीही ते सवयीनंच बोलले होते. त्यांना आठवतसुद्धा नव्हतं.

एक जण आमेन म्हणाली नव्हती.

कोपऱ्यात, गोधडीवर, निकिताच्या खांद्याला टेकून रंगुबाई पडली होती. तिनं डोकं उचललं.

"मालन."

"काय, रंगुअक्का?"

"तुला कळलं का?"

"काय?"

"नंतर कळतं म्हनलीस. तुझ्या रविराजला सहा वरसं झाली. तुला कळलं का? कळलं आसंल तर मला सांग. म्हंजे मी पन तेवढी वरसं काढते."

पाळक खाकरला. "रंगुबाई, आपण आता प्रार्थनेत..."

"पाळकसायेब, तुमची पाळी न्हाई," रंगुबाई म्हणाली. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

वाक्य लागलं होतं. पण ज्याच्यावर नेम धरला होता त्याला नाही. त्याला ओलांडून ते कोपऱ्यात जाऊन या बाईला लागलं होतं, जिनं ट्रॉली तशी सोडली नव्हती, जी दारात उभी राहिली नव्हती, जिच्याबद्दल मालनबाईनं सकाळच्या शिव्यांमध्ये एक शब्दही कधी काढला नव्हता.

व्हय, कळलं, असं म्हणता आलं असतं. मग रंगुबाई सहा वर्षं भिंतीकडं बघत वाट पाहत बसली असती. आबासाहेबांच्या घरात यापेक्षा मोठं दुखणं कुणाला घालता आलं नसतं. मालनबाईच्या जिभेवर ते आलंसुद्धा.

"न्हाई कळलं," ती म्हणाली.

ओसरीत कुणीतरी मांडी बदलली.

"मग तू आत्ता म्हनलीस..."

"म्हनले. ते बोलनं माझं न्हवतं. मला काय बी कळलेलं न्हाई, रंगुअक्का. सहा वरसं मी रोज चुलीम्होरं बसते आन त्याला बोलते. लई वाईट बोलते. तुमच्या घराबद्दल बोलते."

"आन तो?"

"आयकतो."

"कशावरनं?"

हा प्रश्न मालनबाईनं स्वतःला कधी विचारला नव्हता. तिला उत्तर ठाऊक नव्हतं. बोलायला लागली तेव्हाही नव्हतं.

"उठून जात न्हाई," ती म्हणाली. "मानसं उठून गेली. उभ्या उभ्या बोलली आन गेली. तो न्हाई गेला. मी हाकललं तरी न्हाई गेला. एवढंच मला ठावं. योजना आसंल, मी नाय म्हनत न्हाई. त्याच्यापाशी आसंल. माझ्या हातात दिली न्हाई त्यानं. पन ज्याच्या हातात हाय तो माझ्या चुलीपाशी बसलेला हाय, हे मी शपथेवर सांगंन."

रंगुबाई तिच्याकडं बघत राहिली. रडली नाही. मान एकदा हलली, हो अशीही आणि नाही अशीही.

इथं संपलं असतं. पाळकानं शास्त्र उघडायला घेतलंही होतं. पण आबासाहेबांनी भिंतीला टेकलेलं डोकं हलवलं आणि आपल्या त्या गोड, जड आवाजात, जो आता फाटला होता, म्हणाले,

"खरं हाय, मालनबाई. सगळं त्याच्याच हातात. माझा संदीप काय आन तुमचा रविराज काय. त्याची मर्जी."

"न्हाई," मालनबाई म्हणाली.

ती ओरडली नाही. उलट आवाज खाली गेला. मागं बसलेल्यांनी पुढं वाकून ऐकलं.

"दोन्ही एका टोपलीत घालू नका. संदीपचं मला कळत न्हाई. तो डास कुनी धाडला मला ठावं न्हाई, आन धाडला आसंल तर का, ते मी त्यालाच इचारंन. पन रविराजचं तसं न्हाई. ट्रॉलीमागं दगड न्हवता. ते देवानं केलं न्हाई. तुमी तिथं उभं हुता. रस्त्याच्या कडंला दगडाची रास पडलेली, मी जाऊन बघून आलेय. वाकायचं हुतं फकस्त. तुमी वाकला न्हाई. आन दुसऱ्या दिशी माझ्या दारात येऊन त्याचं नाव पुढं केलं. तुमचं त्याच्या अंगावर टाकू नका, आबासाहेब. त्यानं आधीच लई घेतलंय अंगावर."

शेळीसुद्धा थांबली असं नंतर सांगणारे सांगतात. शेळी थांबली नव्हती.

पुरुषांमधून कुणीतरी "अहो बाई, आज तरी..." असं सुरू केलं आणि मध्येच सोडलं. पाळक शास्त्राच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत होता. निकिता आजोबांकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मालनबाईनं या क्षणाचं चित्र शंभर वेळा रंगवलं होतं. त्यात आबासाहेब कोसळायचे. कधी पाय धरायचे. कधी उठून भांडायला यायचे, तेही तिला चाललं असतं. आबासाहेब जागचे हलले नाहीत. हात मांडीवर पालथे पडलेले. गुडघा ऑपरेशनचा, सरळच ठेवावा लागत होता.

"व्हय," ते म्हणाले. "न्हाई वाकलो."

माफी मागितली नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, आणि वाट पाहता पाहता तिला कळलं की त्यांनी मागितली असती तर द्यायला आपल्याकडंही तयार नव्हती.

*

सूड पुरा झाला का?

हलकं वाटलं नाही. भलतीच भूक लागली. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

तिनं चपला काढल्या, आत आली, रंगुबाईच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "बोला आता, पाळकसायेब. माझं झालं."

पाळकानं तयार करून आणलेली प्रार्थना त्याच्या खिशातच राहिली. तो उभा राहिला आणि त्यानं एवढंच म्हटलं की प्रभू, आम्ही इथं बसलोय, तूही बस. त्याची ती पहिली चांगली प्रार्थना, असं म्हातारी माणसं अजून म्हणतात.

*

कडू घास.

माती झालेल्या घरात चूल पेटत नाही. भाकरी-पिठलं शेजारपाजारचे घेऊन येतात. टोपलं मालनबाईनं आपल्याकडं ओढलं. रंगुबाई खाईना.

"नको मला."

"मला तर हवंय. मी एकटी खाऊ तुझ्याम्होरं? बरं दिसंल का?"

"तू खा की."

"मंग तू हातात घास धर नुसता. तोंडात घालू नको. धर."

रंगुबाईनं घास धरला. मालनबाई खात राहिली, तिच्याकडं न बघता. बराच वेळ गेल्यावर रंगुबाईचा हात तोंडाकडं गेला.

मग पुरुषांची ताटं. मालनबाई वाढत वाढत आबासाहेबांपर्यंत आली. टोपल्यात चांगल्या भाकरी होत्या, पांढऱ्या, फुगलेल्या. त्या तिनं बाजूला सारल्या, अगदी तळाशी हात घातला, आणि एका अंगानं काळी ठिक्कर पडलेली भाकरी काढून त्यांच्या ताटात टाकली. पिठलंही बेताचं.

आबासाहेबांनी ते पाहिलं. भाकरी उचलली आणि करपलेल्या बाजूनं खायला सुरुवात केली. सगळी खाल्ली.

"आजून येक?" तिनं विचारलं.

"तसलीच आसंल तर द्या," ते म्हणाले.

तसलीच अजून एक होती. तिनं दिली.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटेना; गोवऱ्या दमट झालेल्या. मालनबाईनं फुंकर घातली, धूर डोळ्यांत गेला.

"त्या मानसावरचा माझा राग गेलेला न्हाई," तिनं तव्याला सांगितलं. म्हणजे तव्याला नाही. "जाईल आसं वाटत बी न्हाई. तुला तो काढायचा आसंल तर तू काढ, मी हात लावनार न्हाई."

बन्सी अंथरुणात जागा होता. तो ऐकत होता हे तिला माहीत होतं.

"रंगुअक्काला आज उठून बसव. निकिताचं डोकं आभ्यासात लागू दे." थोडं थांबून: "आन त्या मानसाचं कवा आन किती, ते तुझं तू बघ. मी आता मापं घेऊन बसनार न्हाई. माझ्याकडनं चुकतंय ते."

पहिल्या गोवरीनं पेट घेतला. तिनं परातीत पीठ घेतलं, आणि रोजच्यापेक्षा दोन मुठी जास्त घेतलं, कारण रंगुबाईकडं डबा न्यायचा होता.

"त्यांना पन देनार का?" बन्सीनं अंथरुणातून विचारलं.

"देते की," मालनबाई म्हणाली. "एक भाकरी तव्यावर इसरून."

*

रविराजला पोहायला संदीपनं शिकवलं होतं, मुळेच्या कालव्यात, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून.